फॉर्मल शर्ट: ४० घेतला तर पोटावर ताणतो, ४२ घेतला तर खांदे उतरतात

अंबडकर
नमस्कार मंडळी. ऑफिसला रोज फॉर्मल शर्ट, इन करून. मापं इंचात: गळा १५½, खांदा १७¾, छाती ४०, पोट ४२. ४० नंबर स्लिम फिट पोटावर ताणतो. ४२ घेतला तर खांद्याची शिवण दंडावर येते आणि कॉलर ढिली पडते. हात वर केला की शर्ट पँटीतून निघतो ते वेगळंच. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये विचारलं तर "सर, आजकाल हाच फिट चालतो" एवढंच उत्तर मिळतं. रेडिमेडच बघू की शिवून घेऊ?

काजबटण
फॉर्मल शर्टावरचा ४० म्हणजे छाती ४० नव्हे. ३९, ४०, ४२ हे आकडे बहुतेक कंपन्यांत कॉलरचे सेंटिमीटर असतात. ४० म्हणजे पावणेसोळा इंच, ४२ म्हणजे साडेसोळा. तुमचा गळा १५½, तेव्हा ४२ ची कॉलर ढिली होणारच. तुमचा नंबर ४०, चुकतोय तो फिट. स्लिमऐवजी रेग्युलर किंवा कम्फर्ट फिट बघा.

लेबलवर विसंबू नका, दुकानात टेप मागा. शर्टाची बटणं लावून काउंटरवर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. तसंच पोटाच्या जागी. छातीला अंगापेक्षा ४ इंच जास्त हवेत, पोटाला ३ ते ४, कारण खुर्चीत बसलं की पोट इंचभर तरी वाढतं. म्हणजे तुम्हाला पोटावर ४५-४६ लागणार. ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघण्यापेक्षा बसून बघा. बटणाच्या दोन्ही बाजूंना फुलीसारख्या चुण्या आल्या की शर्ट तिथे लहान आहे.

खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. यात तडजोड नको. बाजू दाबून घेता येतात, बाही आखूड करता येते, पण खांदा कमी करायचा तर बाही उसवून मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) नव्याने कापावा लागतो. आणि शर्ट लहान असेल तर तो मोठा होत नाही, रेडिमेडच्या शिवणीत माया (आत दुमडलेलं जादा कापड) जवळजवळ नसतेच.

हात वर केल्यावर शर्ट निघतो कारण मुंढा खोल आहे. मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा, असं लोकांना वाटतं. होतं उलटंच. मुंढा खाली लोंबत असेल तर हात उचलताना अख्खी बाजू वर ओढली जाते. काखेच्या जवळ असेल तर बाहीच तेवढी हलते. लांबीही तपासा. इन करायचा शर्ट मागून बैठक पूर्ण झाकेल एवढा हवा, बाहेर सोडायचे आखूड शर्ट कामाचे नाहीत.

उभीरेघ
वरच्या प्रतिसादाला +१, पण छातीपेक्षा पोट जास्त असेल तर माझं मत शिवण्याचंच. कम्फर्ट फिटमध्ये पाठ विनाकारण फुगते. टेलरला हे सांगा:

- पोटाचं माप बसून घ्या. पाठीला टक्स (कंबर आवळणाऱ्या शिवलेल्या चुण्या) नकोत.
- पुढची लांबी मागच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवा. पोट पुढचा भाग वर उचलतं, म्हणून खालचा घेर फाकतो.
- एक बटण पोटाच्या सगळ्यात पुढच्या जागी येऊ द्या आणि वर-खालच्या बटणांचं अंतर साडेतीनऐवजी तीन इंच. बटणांमधून बनियन दिसणं यानेच थांबतं.
- कफ मनगटापेक्षा २ इंच मोठा. घड्याळाच्या हाताला आणखी पाव इंच.

एकदम चार शर्ट टाकू नका. एक शिवून घ्या, दोनदा धुवा, मग बाकीचे. कॉलरच्या कॅनव्हासची (आतल्या कडक अस्तराची) चिकटवण नीट झाली नसेल, किंवा कॅनव्हास आणि कापड वेगवेगळं आटत असेल, तर धुतल्यावर कॉलरवर फुगे येतात. कितीही इस्त्री फिरवा, ते परत येतात.

अंबडकर
धन्यवाद दोघांनाही! मग शिवूनच घेतो. मेन रोडवरून शर्टपीस आणणार. किती घेऊ? आणि कापड कुठलं?

काजबटण
५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) असेल तर फुल बाहीला १.६० मीटर, पण तुम्ही १.८० घ्या. ३६ इंची पन्हा असेल तर अडीच मीटर. मोठे चेक्स असतील तर आणखी २० सेंटिमीटर, नाहीतर खिशाचे चौकोन अंगाच्या चौकोनांशी जुळत नाहीत.

शुद्ध कॉटन असेल तर कापण्याआधी साध्या पाण्यात दोन तास भिजवा, सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. आटायचं ते तिथेच आटेल. न भिजवता शिवलं की पहिली तक्रार कॉलरची येते.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कॉटन पॉपलिन (साध्या विणीचं पातळ कापड) बरं. ट्विलला (तिरप्या विणीच्या कापडाला) चुण्या कमी पडतात, पण ते जरा जाड, थंडीत छान. ८० किंवा १०० काउंट (आकडा जास्त तितकं सूत बारीक), टू-प्लाय (दोन धागे एकत्र पिळलेलं) रोजच्या वापराला पुरे. त्याहून बारीक सूत दिसतं झकास, पण संध्याकाळपर्यंत चुरगळतं.

उभीरेघ
चकचकीत सॅटिन विणीचं कापड टाळा, उजेड नेमका पोटावर चमकतो. बारीक उभ्या रेघा चालतील. पांढऱ्याखाली पांढरा बनियन उठून दिसतो, करडा घाला. मान आखूड असेल तर कॉलरची पट्टी मागून सव्वा इंचच ठेवायला सांगा.