मदत हवी आहे: व्हिन्क्रिस्टीन (केमोचं औषध) नंतर पाऊल उचलत नाही, एएफओ (घोटा आणि पावलाला आधार देणारा साचा) कोणता घ्यावा?

मुलगी ६ वर्षांची. एएलएल (रक्ताचा कॅन्सर), मेंटेनन्स (केमोचा शेवटचा, लांब चालणारा टप्पा) चालू आहे. व्हिन्क्रिस्टीनने पायाच्या नसा कमकुवत झाल्यात. चालताना पावलाचा पुढचा भाग उचलत नाही, फरशीवर फटफट आवाज येतो. उजव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलंय. डोसचं डॉक्टर बघतायत, तो प्रश्न नाही.

३ महिने रोज पोटऱ्या ताणायचे व्यायाम करून घेतोय, टाचांवर चालायचा खेळही. (खेळ कसला, रोजची रडारड.) पोटऱ्या सैल झाल्या, चाल मात्र तशीच. आता फिजिओंनी दोन्ही पायांना प्लास्टिकचे एएफओ सुचवलेत. माप पुढच्या आठवड्यात.

अडचण अशी की शाळेत उकिडवं बसायचा संडास आहे आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर. अखंड एएफओमध्ये घोटा वाकणार नाही. घोट्याशी सांधा असलेला घेतला तर उकिडवं बसणं, जिना जमतो का? तळव्यांना बधिरपणाही आहे, त्यामुळे पट्टा कुठे रुततोय ते ती सांगत नाही.

ज्यांच्या मुलांनी वापरलाय त्यांनी सांगा: शाळेत किती तास घालत होतात, आणि एएफओ काढल्यावरची चाल सुधारली का?