टँकमध्ये झाडं भरपूर, तरी पहाटे मासे वर येऊन तोंडं मारतात. काय करू?

मेहरूणकाठ (जळगाव):
नमस्कार मंडळी. टँक दोन फुटी आहे, पाणी पन्नासेक लिटर. बारा गप्पी, दोन गोल्डफिश. दुकानदार म्हणाला, "हायड्रिला नि व्हॅलिस्नेरिया लावा, ऑक्सिजन फुकट, पंप कशाला?" मी पंप माळ्यावर टाकला. दुपारी पानापानावर बुडबुडे, बघतच बसावं असं. पण गेल्या आठवड्यापासून पहाटे पाचला सगळे मासे वरच, तोंडं पाण्याबाहेर. काल एक गोल्डफिश गेला. आठ वाजले की पुन्हा सगळं ठीक! अजून झाडं लावू की मोठा फिल्टर घेऊ? बजेट हजाराच्या आत.

भुसावळी_भो:
भो, झाडं अजिबात वाढवू नको. पंप खाली काढ, आजच. बाकी गप्पा नंतर.

चोपडा_केळीवाले:
आमच्याकडे पाटात हायड्रिला ढिगानं मिळते, विकत कशाला घेता? फक्त कपाशीच्या शेताजवळची आणू नका, फवारणीचं औषध टँकमध्ये आलं तर मासे एका रात्रीत जातील. आणलीच तर आधी आठ-दहा दिवस बादलीत ठेवा, पाणी बदलत राहा. गोगलगायींची अंडीही दिसतात तोवर.

मेहरूणकाठ:
झाडं वाढवू नको म्हणता, पण बुडबुडे तर डोळ्यांनी दिसतात ना? मग ऑक्सिजन जातो कुठे?

अमळनेरचे_सर (निवृत्त, जीवशास्त्र):
भाऊ, बुडबुडे खरेच आहेत. पण ते दुपारचे आहेत आणि तुमचे मासे तडफडतात पहाटे. झाड ऑक्सिजन बनवतं फक्त उजेडात, श्वास मात्र चोवीस तास घेतं. दिवसा बनवणं जास्त, म्हणून शिल्लक पडते. लाइट गेला की झाडं, मासे, खाली कुजणारं खाणं आणि त्यातले जिवाणू सगळे एकाच डब्यातून खातात. पहाटेपर्यंत डबा रिकामा. यान इंगेनहौझ यांनी १७७९ मध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवर हेच दाखवलं होतं: उन्हात बुडबुडे, अंधारात नाहीत.

तुम्ही विचाराल, घरातल्या कुंड्यांनी का गुदमरत नाही? हिशोब बघा. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात फार तर साडेसात. २० अंशांला नऊ मावतो, ३५ ला जेमतेम सात. म्हणजे एप्रिलच्या जळगावात डबाच लहान होतो, आणि गरम पाण्यात माशांची भूक, श्वास दोन्ही वाढतात. गोल्डफिश तर मुळात थंड पाण्याचा गडी.

आणखी एक. पाणी बदलल्यावर लगेच पानांवर, काचेवर सगळीकडे बुडबुडे चिकटले तर ते नळाच्या पाण्यातून सुटलेल्या हवेचे. झाडाचे बुडबुडे लाइट लावल्यावर काही वेळानं येतात. हायड्रिलाचं देठ कापलं तर कापल्या टोकातून माळेसारखे निघतात. दहावीला नरसाळं उलटं ठेवून हाच प्रयोग मी पंचवीस वर्षं करून घेतला, मुलं दरवर्षी बुडबुडे मोजायला भांडायची.

धुळे_फिशटँक:
मग रात्रभर लाइट चालू ठेवला तर?

अमळनेरचे_सर:
नको. आठवड्यात काच शेवाळानं हिरवी होईल आणि माशांनाही अंधार लागतो. आठ तास पुरे. टायमर लावा.

भुसावळी_भो:
सर बरोबर बोलले. आता खरेदीचं ऐक. स्पंज फिल्टर आणि साधा एअर पंप, तुझ्या टँकला पुरे. बुडबुड्यांपेक्षा वरचं पाणी हलतं त्यानं हवा मिसळते, म्हणून पंप रात्री तर हवाच. दिवसा बंद ठेवलास तरी चालेल, पण स्पंजमधले पाणी साफ ठेवणारे जिवाणू मरू नयेत म्हणून मी चोवीस तास चालवतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेव, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. माझा एक असाच गेला. सेलवर चालणारा छोटा पंप पण घेऊन ठेव, लोडशेडिंगला. आणि टँकच्या तोंडावर टेबल फॅन फिरवला की पाणी दोनेक अंश उतरतं. बर्फाची बाटली टाकू नको, एकदम थंड पडून मासे आजारी पडतात.

धुळे_फिशटँक:
माझा फायटर पण सारखा वर येतो, तोही गेला का मग?

भुसावळी_भो:
नाही रे, फायटर आणि गुरामी वरची हवा घेतातच, स्वभाव आहे तो. गप्पी वर आला की घाबरायचं.

मेहरूणकाठ:
पंप उतरवला, स्पंज लावला, निम्मी हायड्रिला काढून कुंडीत टाकली. संध्याकाळचं खाणंही कमी केलं. आज साडेपाचला मुद्दाम उठून बघितलं, मासे खाली झाडांत. फक्त पंपाची घरघर बायकोला झोपू देत नाही. आवाज कमी करायला खाली काय ठेवता?

चोपडा_केळीवाले:
जुन्या चपलेचा तळ.