मदत हवी आहे: सिम्युलेशन बघून मुलं माना डोलावतात, वहीत मात्र चूक तीच

नमस्कार मंडळी,

नववीला विज्ञान शिकवते. वर्गात टचस्क्रीन फळा आहे, संगणक कक्षात चौघांत एक संगणक मिळतो. साधनांबद्दल तक्रार नाही. फळ्यावर पीडीएफ उघडून वाचून दाखवण्याला तंत्रज्ञान म्हणायचं असेल, तर तेही भरपूर चालतं!

सध्या विद्युतधारा चालू आहे. 'थोडी धारा बल्ब खातो, म्हणून पुढे कमी जाते' हा समज मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो. त्यावर कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या प्रकल्पाचं परिपथाचं सिम्युलेशन (पडद्यावर जोडणी करून बघायचा आभासी प्रयोग) मला फार आवडतं. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. बल्बच्या अलीकडे अ‍ॅमीटर (धारा मोजणारं उपकरण) लावा, पलीकडे लावा, आकडा तोच. पण मुलांना हाताळायला दिलं की पहिला उद्योग म्हणजे बॅटरीची दोन टोकं तारेने थेट जोडून पडद्यावर आग लावायची. (मजा मलाही येते, खोटं कशाला बोलू.) मग मी आकडे दाखवते, सगळे 'हो बाई' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा 'बल्बनंतर धारा कमी'.

हार्वर्डच्या एरिक मझूर यांची पद्धत वाचून आता पडदा बंद ठेवते. आधी प्रत्येकाने अंदाज कारणासकट लिहायचा, शेजाऱ्याशी भांडायचं, मगच अ‍ॅमीटर. वर्गात जीव येतो, पण एका प्रश्नात तास संपतो. तुम्ही कोणते प्रश्न ठेवता, कोणते गाळता?

संगणक कक्षात माउस एकाकडे आणि बाकीचे तिघे प्रेक्षक. पाळ्या लावल्या तर हुशार मुलगा मागून 'इथे क्लिक कर' सांगत बसतो. यावर काही जालीम उपाय?

आणि खरे सेल-बल्ब आधी द्यावेत की सिम्युलेशन? खऱ्या जोडणीत तार सैल असते, सेल उतरलेला असतो, काटा हलतो, मग मुलं म्हणतात, 'बघा, कमी झालीच की!' सिम्युलेशन आधी घेतलं तर 'ते संगणकात तसं असतं' हे ठरलेलं उत्तर.

कृपया अ‍ॅपची यादी नको, ती माझ्याकडे आहे. एकसर (एकामागे एक) जोडणीतल्या दोन बल्बांवर पाठांतराने सुटणार नाही असा एखादा प्रश्न वर्गात वापरून पाहिला असेल, तर तो जसाच्या तसा इथे द्याल का?