अनुभव धागा: जावाच्या स्ट्रिंगमधली नको असलेली स्पेस

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत स्ट्रिंगमधल्या (मजकुरातल्या) टोकांच्या स्पेस काढणारी ट्रिम नि स्ट्रिप, आणि जुळेल ते सगळं बदलणारं रिप्लेसऑल सगळ्यांना पाठ आहे. कुणाच्या डेटावर काय चाललं नि काय नाही, ते लिहा. पुस्तकातली उदाहरणं नकोत.

उद्यमबाग, बेळगाव
फाउंड्रीच्या स्टोअरचं सॉफ्टवेअर बघतो. एक्सेलमधून आलेल्या पार्ट नंबरांच्या पुढं-मागं स्पेस असतात, ट्रिम पुरतं. नवी पोरं नुसतं ट्रिम लिहितात आणि "सर, जाईना की ओ!" म्हणून येतात. अरे, मूळ स्ट्रिंग बदलत नसते, मिळालेली नवी व्हेरिएबलमध्ये घे की!

निपाणी
वेबपेजवरून कॉपी केलेली व्यापाऱ्यांची यादी. दिसायला दोन नावं एकच, पण तुलना करणारं इक्वल्स फॉल्स देतंय. ट्रिम केलं, ढिम्म. जावा ११ मधलं स्ट्रिप युनिकोड (सगळ्या लिपींतल्या अक्षरांना कोड देणारी पद्धत) ओळखतं म्हणून तेही लावलं, तरी तेच. शेवटी एकेक कॅरॅक्टर इंटमध्ये कास्ट करून, म्हणजे त्याचा कोड नंबर काढून छापला, तर टोकाला १६०! म्हणजे नो-ब्रेक स्पेस (तिथं ओळ तुटू न देणारी). ट्रिम ३२ आणि त्याखालचेच कोड काढतं. स्ट्रिप हे कॅरॅक्टर रिकाम्या जागेचं आहे का ते तपासणाऱ्या इजव्हाइटस्पेसवर चालतं आणि त्यात नो-ब्रेक स्पेस मुद्दाम वगळलेली आहे. आधी १६० च्या जागी साधी स्पेस घातली, मग स्ट्रिप.

टिळकवाडी
पत्त्यांवर सरसकट रिप्लेसऑल फिरवू नका. 'राणी चन्नम्मा नगर'चं 'राणीचन्नम्मानगर' झालेलं बघितलंय. बॅकस्लॅश एस प्लसच्या (म्हणजे एक किंवा सलग जास्त स्पेसच्या) जागी एक स्पेस ठेवा, रिकामी स्ट्रिंग नको.

खानापूर
आमच्याकडं मराठी-कन्नड दोन्ही नोंदी. एका सहकाऱ्यानं "न दिसणारं सगळं काढतो" म्हणून युनिकोडची अख्खी फॉरमॅट कॅटेगरीच रेजेक्सनं (मजकूर शोधायच्या नमुन्यानं) उडवली. त्यात झिरो-विड्थ जॉइनरही (अक्षरांची जोडणी ठरवणारं न दिसणारं चिन्ह) गेला आणि 'शेतकऱ्यांची यादी' झाली 'शेतकर्यांची यादी'. गंमत म्हणजे काही नोंदी वाचल्या, कारण तिथं नुक्त्याचा ऱ टाइप केलेला होता. र, हलन्त आणि जॉइनर अशी जुळणी असलेल्याच बिघडल्या. कन्नडमध्ये नॉन-जॉइनर (अक्षरं जोडू न देणारं चिन्ह) गेल्यामुळं सुटी अक्षरं जोडाक्षरं होऊन बसली. हे दोन्ही व्हाइटस्पेस नव्हेतच, त्यांना हात लावू नका. बॅकअप होता म्हणून निभावलं.

चिकोडी
आम्ही अजून जावा ८ वर, त्यामुळं स्ट्रिप नाही, स्ट्रिंग रिकामी किंवा नुसत्या स्पेसची आहे का ते सांगणारं इजब्लँकही नाही. रिकामी ओळ ओळखायला ट्रिम करून इजएम्प्टी. निपाणीकर, तुमच्या १६० ला रेजेक्सच्या पॅटर्नवर युनिकोड कॅरॅक्टर क्लासचा फ्लॅग लावा. मग बॅकस्लॅश एसमध्ये तोही धरला जातो. जावा ७ पासून आहे तो.

निपाणी
लावून बघितला. चालला की ओ!