परजातीय की परप्रजातीय?

अनुवादिका: बाल्टिमोर येथे 7 जानेवारी 2022 रोजी डेव्हिड बेनेट यांना जनुकांत बदल केलेल्या डुकराचे हृदय बसवण्यात आले. त्या शस्त्रक्रियेवरील लेखाचा मी अनुवाद करीत आहे. ‘आंतरजातीय’ हा शब्द विवाहाने अडवून ठेवलेला असल्यामुळे मी ‘परजातीय हृदयप्रत्यारोपण’ असे लिहिले. परंतु संपादकांना त्यातही जातिव्यवस्थेचाच वास आला आणि त्यांनी ‘परप्रजातीय’ केले. हे योग्य आहे का?

निवृत्त शिक्षक: नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतील उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी आहे. म्हणजे होमो ही प्रजाती आणि होमो सेपियन्स ही जाती. वृत्तपत्रांनी हिंदीच्या नादाने ‘प्रजाती’ एक पायरी खाली ओढली. डुक्कर आणि माणूस यांचे गणच निराळे असल्याने येथे अर्थ चुकत नाही, एवढेच. गाढवाचा अवयव घोड्याला बसवला, तर ते प्रत्यारोपण परजातीय ठरेल; परप्रजातीय मुळीच नव्हे, कारण दोघांची प्रजाती एकच.

बागायतदार: एवढी संस्कृत जुळवाजुळव कशासाठी? आमच्याकडे रायवळाच्या रोपावर हापूस बांधतात त्याला ‘कलम’ म्हणतात, आणि ते लहान मुलालाही कळते. ‘हृदयकलम’ म्हणावे.

शुद्धलेखनप्रेमी: ‘कलम’ अरबी आहे.

बागायतदार: असेना. आमच्या बागेत ते कित्येक पिढ्या मराठीच बोलते आहे.

निवृत्त शिक्षक: आक्षेप अरबीला नाही. रायवळ आणि हापूस ही एकाच जातीची झाडे आहेत. नेमका मुद्दा त्या उपमेतून निसटतो. शिवाय 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यामुळे ‘प्रत्यारोपण’ पक्के झाले आहे. डॉ. धनीराम बरुआ यांनी 1997 मध्ये आसाममधील सोनापूर येथे एका रुग्णाला डुकराचे हृदय बसवले, तेव्हा त्यांना याच कायद्याखाली अटक झाली होती.

शुद्धलेखनप्रेमी: मला त्याहून ‘जनुकीय सुधारित डुक्कर’ हा प्रयोग खटकतो. बीटी कापसाच्या वेळी ‘सुधारित’ रुळला, कारण तेथे निदान पिकाचे बोंडअळीपासून रक्षण होत होते. बाल्टिमोरच्या डुकराची 4 जनुके निकामी केली होती: 3 मानवी शरीराने हृदय तत्काळ नाकारू नये म्हणून, तर 1 ते हृदय छातीत वाढत राहू नये म्हणून; आणि त्यात 6 मानवी जनुके घातली होती. यात डुकराची कोणती सुधारणा झाली? ‘जनुकसंपादित’ लिहावे.

बागायतदार: संपादन वर्तमानपत्राचे असते. ‘जनुके बदललेले’ म्हणा, संपले.

अनुवादिका: माझा प्रश्न विशेषणाचा होता. जात आणि प्रजात दोन्ही टाळून ‘पशु-मानव हृदयप्रत्यारोपण’ केले तर?

निवृत्त शिक्षक: मग डुकराची हृदये बबून माकडांना बसवण्याचे म्युनिकच्या संशोधकांचे जे प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांना आपण काय म्हणणार? तेथे तर माणूसच नव्हता.