वाढीचे संप्रेरक आणि कर्करोगाची भीती

प्रश्न (कोथरूड): माझ्या मुलीला वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्याने डॉक्टरांनी रोजचे इंजेक्शन सुचवले आहे, त्यामुळे पुढे कर्करोगाचा धोका वाढतो का?

उत्तर (औंध): या संप्रेरकामुळे यकृतात तयार होणारे आयजीएफ-१ नावाचे दुसरे संप्रेरक पेशींच्या वाढीला चालना देते, त्यामुळे आपली शंका रास्त आहे; मात्र पूर्वी कर्करोग न झालेल्या आणि केवळ संप्रेरकाची कमतरता असलेल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहण्यांत धोका वाढल्याचे स्पष्टपणे आढळलेले नाही.

उत्तर (सदाशिव पेठ): अपवादही सांगायला हवा. बालपणी मेंदूवर किरणोपचार झालेल्यांमध्ये मेनिन्जिओमासारख्या (मेंदूच्या आवरणावरील) नव्या गाठींवर लक्ष ठेवावे लागते, आणि सक्रिय कर्करोगात हे औषध देत नाहीत. कुटुंबातील कर्करोगाचा इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा. व्यायामशाळेत पीळदार शरीरासाठी ते टोचून घेणाऱ्यांना मात्र वरील दिलासा लागू होत नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आयजीएफ-१ची तपासणी किती महिन्यांनी करायची, हे डॉक्टरांना विचारते.