टेकमसेच्या सावलीत ब्लॅक हूफ: शॉनी इतिहास आपण एकाच माणसाचा करून ठेवला आहे का? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

पूर्वरंग

शॉनी या उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी जमातीची चर्चा निघाली की ती अमेरिकनांशी लढलेल्या टेकमसे या नेत्यापाशी सुरू होते आणि 5 ऑक्टोबर 1813 रोजी कॅनडातील थेम्स नदीकाठच्या लढाईत तो पडला की संपते. माझे म्हणणे असे की यामुळे त्या समाजाचा मोठा इतिहास नजरेआड राहतो, आणि ओहायोतील वापाकोनेटा या गावाचा प्रमुख ब्लॅक हूफ, ज्याचे शॉनी नाव काटेकाहासा होते, त्याच्यावर ‘अमेरिकनांचा अंकित’ असा शिक्का विनाकारण बसतो.

हा मनुष्य काही जन्मजात शांततावादी नव्हता. ओहायो खोऱ्यासाठी झालेल्या युद्धांत त्याची हयात गेली होती. 4 नोव्हेंबर 1791 रोजी अमेरिकन जनरल सेंट क्लेअरच्या फौजेतील सहाशेहून अधिक सैनिक कापले गेले, तेव्हा एकजुटीने लढल्यास विजय मिळतो हे शॉनींनी पाहिले. मात्र 20 ऑगस्ट 1794 रोजी फॉलन टिंबर्स येथे पराभव झाल्यावर माघार घेणारे योद्धे जवळच्या ब्रिटिश किल्ल्यापाशी पोहोचले, तर ज्यांच्या भरवशावर ते लढले त्या ब्रिटिशांनी दरवाजेच उघडले नाहीत. पुढच्या वर्षी ब्लॅक हूफने अमेरिकेशी झालेल्या ग्रीनव्हिलच्या तहावर सही केली आणि तो तह अखेरपर्यंत पाळला. बंद दरवाजाचा तो धडा ज्याने घेतला त्याला मी तरी भित्रा म्हणणार नाही.

त्यानंतर त्याने जे आरंभले ते युद्धापेक्षा सोपे नव्हते. शॉनींमध्ये शेती स्त्रियांची आणि शिकार पुरुषांची. असे असताना 1807 मध्ये आलेल्या विल्यम कर्क या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) कार्यकर्त्याच्या मदतीने वापाकोनेटात शेकडो एकर जमीन साफ झाली, मका, बटाटे, कोबी आणि सलगम पिकू लागले, धुराडी असलेली लाकडी घरे उभी राहिली. हिशेब वेळेवर पाठवले नाहीत म्हणून सरकारने 1808 च्या अखेरीस कर्कलाच काढून टाकले, तरी गावाने नांगर सोडला नाही. सप्टेंबर 1817 च्या तहात वापाकोनेटाचे सभागृह मध्यबिंदू धरून दहा मैल लांब आणि दहा मैल रुंद असा चौरस शॉनींना कायम मालकी हक्काने देण्याचे ठरले. एक वर्ष उलटले नाही तोच सेंट मेरीजच्या करारात ती मालकी रद्द होऊन जमीन पुन्हा नेहमीसारखी ‘राखीव’ झाली. हा दगा कोणाचा, हे सांगायला नको.

खडूफळा

पूर्वरंग यांची मांडणी सहानुभूतीची आहे, पण ती मुख्य प्रश्नाला बगल देते. टेकमसेचा मुद्दा शेती करावी की शिकार, हा नव्हताच. जमीन विकण्याचा अधिकार कोणाला, हा त्याचा प्रश्न होता. 1809 मध्ये फोर्ट वेन येथे डेलावेर, मायामी, पोटावाटोमी इत्यादी जमातींच्या काही प्रमुखांकडून अमेरिकन गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनने सुमारे 30 लाख एकर जमीन लिहून घेतली. पुढल्या ऑगस्टमध्ये टेकमसेने विन्सेन्स येथे हॅरिसनला समोरासमोर सुनावले की ही भूमी सर्व जमातींची सामायिक आहे, त्यामुळे तिचा तुकडा तोडून देण्याचा हक्क एकेकट्या गावाला असूच शकत नाही. दरवर्षी मिळणाऱ्या सरकारी रकमेसाठी सह्या करणाऱ्या प्रमुखांवर त्याचा राग होता तो यामुळे. ही भूमिका त्या खोऱ्यातील सगळ्यांनी उचलून धरली असती, तर प्रत्येक तहात वेगळा गट गाठून जमीन काढून घेण्याची पद्धतच खुंटली असती.

आणि निष्ठेचे फळ काय मिळाले? जानेवारी 1813 मध्ये ब्लॅक हूफ अमेरिकन छावणीत मित्र म्हणून गेला असता एका मिलिशियावाल्याने (स्थानिक नागरी फौजेतल्या सैनिकाने) त्याच्या चेहऱ्यावर गोळी झाडली. तो वाचला, पण 1831 मध्ये वापाकोनेटाची जमीन गेली, त्याच वर्षी तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या लोकांना कॅन्ससकडे हाकलण्यात आले. नांगर धरणाऱ्यांना आणि बंदूक धरणाऱ्यांना अखेर एकच वागणूक मिळाली असेल, तर निदान बंदूक धरणाऱ्याने शत्रूला नीट ओळखले होते, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

रानवाट

दोघांनीही एक गोष्ट सोडून दिली. शॉनींचे पाच विभाग होते आणि विभाग वडिलांकडून येई. ‘मेकोचे’ विभागाकडे औषधोपचार आणि मध्यस्थीचे काम, तर किस्पोको विभागाकडे युद्धाचे. ब्लॅक हूफ ‘मेकोचे’ विभागातला होता आणि टेकमसेचे वडील किस्पोको विभागातले. त्यामुळे ज्याला आपण दोन माणसांच्या स्वभावांतील फरक समजतो तो बऱ्याच अंशी समाजाने आधीच वाटून दिलेल्या जबाबदाऱ्यांचा फरक आहे, आणि यांपैकी कोणा एकाला ‘खरा शॉनी’ ठरवणे म्हणजे त्या रचनेचाच अवमान आहे.

टेकमसेविषयी बोलताना त्याचा भाऊ टेन्स्क्वाटावा अलगद बाजूला ठेवला जातो, हेही मला पटत नाही. 1805 मध्ये त्याला झालेल्या साक्षात्कारातून ही चळवळ उभी राहिली. टेकमसे आघाडीवर आला तो नंतर. दारू सोडा, गोऱ्यांच्या वस्तू टाका, हा टेन्स्क्वाटावाचा उपदेश सगळे सांगतात. पण वाडवडिलांकडून आलेल्या औषधी पोतड्यासुद्धा फेकून द्या, असेही तो सांगत होता, आणि 1806 मध्ये डेलावेर लोकांच्या गावांत त्याच्या शब्दावरून चेटकाच्या आरोपाखाली माणसे जाळली गेली, ज्यांत टेटापाचसिट हा वृद्ध प्रमुख होता. बळी पडलेले बहुतेक जण ख्रिस्ती झालेले किंवा गोऱ्यांशी तडजोड करणारे होते. संस्कृती वाचवण्याची चळवळ म्हणून तिचा गौरव करण्याआधी हे डोळ्यांखालून घालावे.

ओहायोवासी

मी बरीच वर्षे कोलंबसला राहतो. वापाकोनेटा इथून फार लांब नाही. आज ते नील आर्मस्ट्राँगचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते आणि बाहेरून येणारा माणूस त्याच्या नावाचे संग्रहालय बघून परततो. टेकमसेचे मात्र कौतुक भरपूर. चिलिकॉथीजवळ त्याच्यावरचे भव्य नाटक 1973 पासून उघड्यावर सादर होते. इथल्याच लँकेस्टर गावी 1820 मध्ये जन्मलेल्या मुलाच्या नावात वडिलांनी ‘टेकमसे’ घातले, आणि तो विल्यम टेकमसे शर्मन पुढे मैदानी प्रदेशातील जमातींविरुद्धच्या मोहिमांचा सेनापती झाला. मेलेल्या शत्रूचे गुणगान करायला काही मोल पडत नाही. तहाचा कागद हातात घेऊन जमीन मागणाऱ्या शेजाऱ्याचे गुणगान करायचे तर जमीन द्यावी लागते, म्हणून तो विस्मरणात गेला, असे माझे मत आहे.

तिसरा रस्ताही होता: निघून जाण्याचा. 1780 च्या आसपासच अनेक शॉनी ओहायो सोडून मिसिसिपीच्या पलीकडे, स्पेनच्या ताब्यातील मिसुरीत गेले आणि केप जिरार्डोच्या परिसरात त्यांनी वस्ती केली. सव्हाना, सस्क्वेहाना, कंबरलंड अशा नद्यांच्या काठी पूर्वी राहून गेलेल्या लोकांना स्थलांतर नवे नव्हते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातले 1812 चे युद्ध पेटले तेव्हा या मंडळींपैकी बहुतेकांना टेकमसे हाक मारूनही हलवू शकला नाही.

पूर्वरंग

खडूफळा यांचा ‘अखेर दोघांची गत एकच’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. टेकमसेची प्रॉफेट्सटाउन ही वसाहत 1808 मध्ये उभी राहिली आणि 7 नोव्हेंबर 1811 च्या टिपेकॅनो लढाईनंतर जाळली गेली. वापाकोनेटा मात्र ग्रीनव्हिलच्या तहानंतर साडेतीन दशकांहून अधिक काळ टिकले. एवढ्या अवधीत एक अख्खी पिढी आपल्या भाषेत, आपल्या आजीआजोबांजवळ वाढते.

खडूफळा

मालकीच्या कागदाने वाचवले असते असा आपला सूर आहे, म्हणून कॅन्ससची आठवण करून देतो. तेथे शॉनींकडे सुमारे 16 लाख एकर जमीन होती. मे 1854 च्या तहाने त्यातले फक्त 2 लाख एकर राहिले आणि माणशी 200 एकर अशी वाटणी करता आली. म्हणजे ब्लॅक हूफला हवा होता त्याहूनही पक्का, प्रत्येकाच्या नावाचा कागद मिळाला. पंधरा वर्षांत, 1869 पर्यंत, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या रेट्याखाली त्या समाजाला चेरोकी राष्ट्राच्या हद्दीत आसरा घ्यावा लागला आणि वेगळी मान्यता परत मिळवायला 2000 सालचा कायदा यावा लागला. एकेकट्याच्या हातातली जमीन एकेकट्याकडून सुटते, हेच टेकमसे विन्सेन्सला सांगत होता.

पूर्वरंग

1854 ची वाटणी माणशी होती. 1817 चे देणे प्रमुखांच्या नावाने यादीतील लोकांसाठी होते. हा फरक लहान नाही, आणि सरकारने रद्द केले ते नेमके दुसऱ्या प्रकारचे देणे.

रानवाट

आज ओक्लाहोमात शॉनींची तीन मान्यताप्राप्त राष्ट्रे आहेत, आणि त्यांत मिसुरीला गेलेल्यांचे, वापाकोनेटातून हाकललेल्यांचे आणि टेकमसेबरोबर लढलेल्यांचेही वंशज असतील. व्हाइट ओकच्या मैदानावर वसंतात पावाचा नृत्योत्सव होतो. त्या ऋतूत पुरुष आणि स्त्रिया एकमेकांविरुद्ध चेंडू खेळतात. पुरुषांनी चेंडूला फक्त पाय लावायचा, स्त्रियांनी हातात घेऊन पळाले तरी चालते. शिकार पुरुष आणतात, पाव स्त्रिया भाजतात, आणि अन्नाची अदलाबदल होते. शॉनी राष्ट्राने 2021 ते 2030 हे दशक आपल्या भाषेसाठी जाहीर केले आहे, कारण ती बोलत वाढलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. धाग्याचा प्रश्न ‘मान कोणाला’ असा असेल, तर मी मत देतो त्या मैदानावर पाव भाजणाऱ्या बायकांना, ज्यांची नावे कोणत्याही तहावर नाहीत.